नायकाच्या हातातील पिस्तूल

चित्रपट पाहून घरी परतल्यावर आपल्या घरांतून जी चर्चा होते, तिच्याइतकी कठोर परीक्षा कोणत्याही विद्यापीठात होत नसेल. पेशवाईच्या कथेतील नायिकेचे लुगडे नऊवारी असले, तरी ते नेसण्याची तऱ्हा आजची आहे, हे सुनेने ओळखलेले असते. नथ त्या काळच्या घडणीची नाही, हे सासूबाईंनी सांगितलेले असते. आणि संध्या करताना पळी कोणत्या हाती धरली होती, यावर आजोबांचे व्याख्यान झालेले असते. इतक्या डोळस परीक्षकांच्या नजरेतून एकच वस्तू बहुधा निसटते, ती म्हणजे नायकाच्या हातातील पिस्तूल. ते काळे आहे, चकाकते आहे आणि त्यातून आवाज निघतो, एवढ्यावर सर्वांचे समाधान होते. वस्तुतः नथ चुकली तर केवळ शोभेची हानी होते. पण पिस्तूल चुकले तर सबंध कथेतील धैर्याचे माप चुकते. या महिन्याच्या सदरात आम्ही हा विषय घेतला आहे, तो याच कारणासाठी.

विषयास निमित्त घडले ते असे. आमचा एक पुतण्या पुण्यास चित्रपटव्यवसायात आहे. देखाव्याच्या सामानसुमानाची व्यवस्था पाहणे, हे त्याचे काम. त्याच्या मंडळींनी एक साहसकथा योजिली आहे. काळ १९०९ सालचा. नायक आमच्याच मराठवाड्यातील, निजामी अमलाखालील एका गावचा काल्पनिक तरुण. तो शिक्षणासाठी औरंगाबादेस जातो आणि तेथून पुढे नाशिकच्या क्रांतिकारकांच्या वर्तुळात ओढला जातो. "काका, नायकाच्या हाती कोणते पिस्तूल द्यावे?" असा प्रश्न त्याने आम्हांस घाटनांदुरास पत्र पाठवून विचारला. आम्ही आयुष्यात बंदूक हाती धरलेली नाही. परंतु पस्तीस वर्षे मुलांना सनावळ्या शिकविल्या, आणि हा प्रश्न नेमबाजीपेक्षा सनावळीचाच अधिक आहे. म्हणून त्याला पाठविलेले उत्तर थोडे विस्तारून येथे देत आहो.

आरंभी तत्त्वाचे बोलू. काश्मीरच्या क्षेमेंद्राने अकराव्या शतकात 'औचित्यविचारचर्चा' लिहून असे प्रतिपादिले की, औचित्य हेच काव्याचे जीवित होय. कमरेचा दागिना गळ्यात घातला तर सुंदर मनुष्यही हास्यास्पद दिसतो, तद्वत् देशकालाशी विसंगत वस्तू कथेत आली म्हणजे रस भंगतो. भरतमुनींनीही वेष, अलंकार, शस्त्रे आदी बाह्य सामग्रीस 'आहार्य' असे नाव देऊन तिला अभिनयाच्या चार प्रकारांत स्थान दिले. सामग्री ही सजावट नसून अभिनयच आहे, असा त्याचा अर्थ. आपल्या जुन्या धनुर्वेदात आयुधांचे वर्गीकरण करताना हातात धरूनच चालवावयाचे ते अमुक्त, हाताने फेकावयाचे ते मुक्त आणि यंत्राच्या योगे सुटणारे ते यंत्रमुक्त, असे प्रकार केले आहेत. पिस्तूल हे यंत्रमुक्त. यंत्र म्हटले की त्याला जन्मतिथी आली. तलवार तीनशे वर्षांत फारशी बदलत नाही. यंत्र मात्र दर दहा-वीस वर्षांनी नवा अवतार घेते. म्हणून ऐतिहासिक चित्रपटात तलवारीपेक्षा पिस्तूलच अधिक चुकते.

आता सनावळी. वाचकांच्या सोयीसाठी तिचे तीन कालखंड करू.

पहिला खंड ठासणीचा. नळीच्या तोंडातून दारू व गोळी ठासून भरावयाची आणि एक बार काढावयाचा. पुन्हा भरेपर्यंत शत्रू अंगावर आलाच. अमेरिकेतील सॅम्युएल कोल्ट याने १८३६ साली फिरत्या चक्राच्या पिस्तुलाची सनद तेथे मिळविली आणि एकामागून एक बार काढणे शक्य झाले. यालाच आपल्याकडे पुढे सहाबारी म्हणू लागले. १८५७ च्या समरात कित्येक इंग्रज अंमलदारांपाशी कोल्टची सहा घरांची किंवा अ‍ॅडम्सची पाच घरांची पिस्तुले होती. परंतु त्यांतही आजच्यासारखे तयार काडतूस घालता येत नसे. प्रत्येक घरात दारू व गोळी भरून मागे टोपी बसवावी लागे. तात्या टोप्यांच्या काळातील एखादा नायक घोडा दौडवीत असता खिशातून पितळी काडतुसे काढून झटपट भरताना दिसला, तर तो देखावा निदान दहा वर्षांनी अकाली आहे, असे खुशाल समजावे.

दुसरा खंड काडतुसी सहाबारीचा. इंग्रजी सैन्यात १८६० च्या दशकाच्या अखेरीस काडतुसी रिव्हॉल्व्हर आले, १८८० साली एनफील्डचे आणि १८८७ साली वेब्लीचे. वेब्लीची नळी सांध्यावर पुढे मोडते आणि रिकामी पुंगळी एकदम वर उचलली जातात. पुढे या वेब्लीचे एकामागून एक सहा प्रकार निघाले, त्यांतील सहावा, लांब नळीचा, १९१५ सालचा. चित्रपटवाल्यांना हाच प्रकार सहज सापडतो, म्हणून तो १८९० च्या कथेतही दिसतो आणि १९०० च्या कथेतही. या खंडातील आणखी एक खूण धुराची. धूररहित दारू फ्रान्समध्ये १८८४ साली सिद्ध झाली आणि इंग्रजांचे कॉर्डाइट १८८९ साली आले. त्यापूर्वीच्या प्रत्येक बाराबरोबर पांढऱ्या धुराचा लोट उठे आणि नेम धरणाऱ्यालाच क्षणभर पुढचे दिसत नसे. वासुदेव बळवंत फडके यांचे बंड १८७९ सालचे. त्यांच्या कथेत बंदूक झाडली आणि धूर नाही, तर तेथे काळ चुकला.

तिसरा खंड स्वयंभरणी पिस्तुलाचा. यात चक्र नसते. काडतुसांची पेटी असते आणि एक बार झाला की धक्क्याच्या जोराने रिकामे पुंगळे बाहेर उडून दुसरे काडतूस नळीत चढते. माउझरचे या जातीचे पिस्तूल १८९६ सालचे. आणि अमेरिकन कारागीर जॉन ब्राउनिंग याच्या कल्पनेचे, बेल्जममधील एर्स्ताल येथील कारखान्यात तयार झालेले छोटे पिस्तूल १९०० साली बाजारात आले. ते ३२ बोअरचे, चपटे, कोटाच्या खिशात मावणारे, पेटीत सात काडतुसे घेणारे होते. या दोन जातींतील भेद पाहणाऱ्यास सहज कळेल असा आहे. रिव्हॉल्व्हरमधून बाराबरोबर पुंगळी जमिनीवर पडत नाहीत, स्वयंभरणी पिस्तुलातून पडतात. पडद्यावर सहाबारी झाडताना पुंगळ्यांचा खणखणाट ऐकू आला, तर तो ध्वनिमुद्रकाचा प्रमाद होय.

ही सनावळी हाती घेऊन आपल्या इतिहासातील दोन प्रसंगांकडे पाहू.

२२ जून १८९७ च्या रात्री पुण्यास गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडचा वध केला, हे मराठी घरातील मुलासही ठाऊक असते. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला आणि रँड ३ जुलै रोजी मरण पावला. या विषयावर जयू व नचिकेत पटवर्धन या दांपत्याने १९७९ साली त्याच तारखेच्या नावाचा चित्रपट काढला. या प्रसंगी बंधूंनी पिस्तुलांखेरीज तलवारीही बरोबर घेतल्या होत्या, आणि एक कुऱ्हाडही. तलवारी व कुऱ्हाड त्यांनी पुढे जवळच्या मोरीखाली लपवून ठेविल्या. पिस्तूल असता तलवार कशाला, असे आजच्या मुलाला वाटेल. उत्तर असे की, त्या दिवसांत पिस्तुलावर तेवढा भरवसा कोणी ठेवीत नसे. बार फुकट गेला, तर पुढे हातघाईच करावयाची होती. धावत्या गाडीवर मागून चढून अगदी जवळून गोळी झाडण्याचे धैर्य का लागले, हे त्या शस्त्राचे दौर्बल्य समजल्याविना समजत नाही. या प्रसंगात ब्राउनिंग पिस्तूल दाखविता येणार नाही. ते बाजारात येण्यास अद्याप तीन वर्षे होती.

दुसरा प्रसंग नाशिकचा, आणि तो आमच्या मराठवाड्याला अधिक जवळचा. अनंत लक्ष्मण कान्हेरे हा तरुण औरंगाबादेस शिकत होता. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात देवलांच्या 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाच्या वेळी त्याने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. हातात होते ते ब्राउनिंग पिस्तूल. त्या वर्षाच्या आरंभी सावरकरांनी लंडनहून अशी वीस पिस्तुले चतुर्भुज अमीन यांच्या सामानातील पेटीच्या चोरकप्प्यातून हिंदुस्थानात धाडली होती. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे या तिघांना फाशी झाली, आणि पिस्तुलांचा माग लंडनपर्यंत जाऊन सावरकरांवरील अभियोगात तो एक प्रमुख दुवा ठरला.

येथेच सामानवाल्यांसाठी मोठा सापळा आहे. 'ब्राउनिंग' हे एका पिस्तुलाचे नाव नव्हे. ते त्याच्या कल्पकाचे आडनाव आहे. त्याच नावाचे दुसरे प्रख्यात पिस्तूल १९३५ साली निघाले. स्वतः ब्राउनिंग १९२६ सालीच वारला होता. त्याने आरंभिलेले काम बेल्जमच्या कारखान्यातील सेव्ह या तंत्रज्ञाने पुरे केले. हे पिस्तूल मोठे, जड आणि पेटीत तेरा काडतुसे घेणारे आहे. आपल्या सैन्यात ते दीर्घकाळ वापरात होते आणि बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यात त्याची निर्मितीही झाली. म्हणून हिंदी चित्रपटसृष्टीत त्याच्या प्रतिकृती सुलभ. संहितेत 'ब्राउनिंग' एवढाच शब्द पाहून एखादा मनुष्य हेच पिस्तूल १९०९ च्या नायकाच्या हाती देईल आणि आपण इतिहासाला धरून आहो, असे समजेल. ओळखण्याची खूण सोपी आहे. १९३५ च्या पिस्तुलाच्या पाठीमागे घोडा उघडा दिसतो. १९०० च्या पिस्तुलाची पाठ सपाट असते आणि घोडा दिसत नाही.

कोणी म्हणेल, प्रेक्षकांपैकी हजारात एकाला हा भेद कळतो. मग इतका खटाटोप कशाला? आमचे उत्तर असे. सात आणि तेरा यांत सहा गोळ्यांचे अंतर आहे, आणि त्या सहा गोळ्यांबरोबर नायकाच्या मनाची अवस्था बदलते. ज्याच्यापाशी मोजकी काडतुसे आहेत आणि नवी मिळण्याचा मार्ग सातासमुद्रापलीकडचा आहे, तो वाऱ्यावर बार काढीत नाही. तो थांबतो, जवळ जातो, आणि जवळ गेल्यामुळेच पकडला जातो. नाशिकचा तरुण नाट्यगृहाच्या गर्दीतून निसटू शकला नाही आणि त्याने निसटण्याची आशाही धरली नव्हती. त्याच्या हाती अखंड गोळ्या ओकणारे यंत्र दिले, तर आपण त्याचे बलिदान स्वस्त करतो. शिवाय ज्या जॅक्सनवर गोळी झाडली गेली, तो संस्कृताचा व्यासंगी असून लोकांत 'पंडित' म्हणून ओळखला जात असे. अशा मनुष्याच्या समोर, हाताच्या अंतरावर उभे राहून चाप ओढणे यात केवढा अंतःकलह असेल! नायक दुरून धडाधड गोळ्या सोडू लागला की, तो अंतःकलह दाखविण्यास दिग्दर्शकाला जागाच उरत नाही.

या बाबतीत परदेशीय चित्रपटांकडे पाहणेही उपयुक्त होईल. पुराणवस्तुसंशोधक इंडियाना जोन्स याच्या साहसांचा पहिला चित्रपट १९८१ साली निघाला; कथा १९३६ ची. नायकाच्या कमरेला स्मिथ अँड वेसनचे, पहिल्या महायुद्धकालीन धाटणीचे रिव्हॉल्व्हर दिले. नायक प्राध्यापक, धूळ, पाणी, वाळवंट यांतून फिरणारा, त्याने वीस वर्षांपूर्वीचे, भक्कम, साधे शस्त्र बाळगावे, हे स्वभावास धरून आहे. नवेकोरे तेच काळाला धरून, असे नव्हे, हा धडा यातून घेण्यासारखा आहे. आपल्याही घरांत आजोबांचे घड्याळ नातू वापरतो, शस्त्रही तसेच. उलट १९६९ च्या 'द वाइल्ड बंच' या चित्रपटात कथा १९१३ ची असून कोल्टच्या जागी बहुतेक ठिकाणी स्पेनमधील स्टार कंपनीचे पिस्तूल वापरले, कारण कोल्टमध्ये पोकळ काडतुसे नीट चालत नसत. परंतु ते दिसण्यात कोल्टसारखेच होते. सोंग घ्यावयाचे तर मूळ रूप ओळखून घ्यावे. अशी तडजोड आम्ही क्षम्य मानतो.

आता आमच्या पुतण्याच्या नायकाकडे वळू. आमचा सल्ला असा की, पिस्तुलाचे नाव ठरविण्यापूर्वी 'ते त्याच्यापाशी आले कोठून?' हे ठरवावे. ब्रिटिश मुलुखात १८७८ च्या शस्त्रकायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा होता. मध्यमवर्गीय विद्यार्थ्याच्या हाती पिस्तूल येणे हीच मुळी एक साहसकथा आहे. ते लंडनच्या पेटीतून आले असेल, तर १९०० च्या धाटणीचे छोटे ब्राउनिंग द्यावे. एखाद्या गोऱ्या अंमलदाराच्या बंगल्यातून पळविले असेल, तर चार इंची नळीचे वेब्ली द्यावे. ते विद्यार्थ्याच्या हातात जड दिसेल, आणि तसे दिसणेच योग्य. घरच्या माळ्यावर पणजोबांच्या वेळचे काही सापडले असेल, तर टोपीचे एकबारी पिस्तूल द्यावे. पण मग दारू सर्दावली आहे की काय, ही धास्ती कथेत आणावी. तिन्ही वस्तू १९०९ साली संभवनीय आहेत, तथापि तिघांची कथा निरनिराळी होते. शस्त्र निवडणे म्हणजे कथाच निवडणे होय.

याच मंडळींनी पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामावर चित्रपट काढण्याचा मानस कळविला आहे. म्हणून त्याविषयीही दोन शब्द. स्वामी रामानंद तीर्थांनी जेथे अध्यापन केले, ते अंबाजोगाई आमच्या तालुक्याचे ठिकाण. आणि रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातुरास वकिली करीत असे. तेव्हा हा इतिहास आमच्या उंबऱ्याशी घडलेला आहे. रझाकार म्हटले की, सर्वांच्या हाती नवी पिस्तुले दाखविण्याचा मोह होतो. वास्तविक त्यांच्यापैकी सुमारे चतुर्थांशांपाशीच आधुनिक हत्यारे होती; बाकीचे ठासणीच्या बंदुका आणि तलवारी घेऊन फिरत. निजामासाठी १९४८ साली सिडनी कॉटन नावाच्या वैमानिकाने कराचीहून विमानाने चोरून शस्त्रे आणली, यावरून तेथील तुटवड्याची कल्पना यावी. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या कारवाईत आलेल्या हिंदी अंमलदाराच्या कमरेला ०.३८ इंची एनफील्ड किंवा वेब्ली रिव्हॉल्व्हर शोभेल. गावकऱ्याच्या हाती मात्र कुऱ्हाड, गोफण, भाला. पिस्तूलधाऱ्यापुढे गोफण घेऊन उभा राहिलेला शेतकरी, हाच त्या चित्रपटाचा नायक होय.

एक सावधगिरीची गोष्ट. भरतमुनींनी रंगभूमीवरील शस्त्रे लाख, बांबू इत्यादि हलक्या पदार्थांची करावी आणि प्रहार केवळ सूचित करावा, असे सांगितले. त्या सूचनेचे मोल आजही उणे झालेले नाही. अमेरिकेत ३१ मार्च १९९३ रोजी ब्रँडन ली हा तरुण नट आणि २१ ऑक्टोबर २०२१ रोजी हलिना हचिन्स ही छायाचित्रणकार, दोघेही चित्रीकरणातील बंदुकीच्या गोळीने गेले. खरे शस्त्र चित्रीकरणस्थळी आणूच नये. बंद नळीची प्रतिकृती वापरावी आणि ज्वाला व धूर मागाहून यंत्राने घालावा, असे आम्ही पुतण्यास निक्षून कळविले आहे. रूप खरे असावे. गोळी खरी असू नये.

शेवटी हा विषय आम्हांस जिव्हाळ्याचा का वाटतो, ते स्पष्ट सांगतो. २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या आरंभी आमच्या बीड जिल्ह्याचे नाव पिस्तुलांच्या परवान्यांवरून देशभर वर्तमानपत्रांत गाजले. कमरेला पिस्तूल लावून छायाचित्र काढून घेण्याची आणि लग्नाच्या वरातीत बार उडविण्याची हौस तरुणांत शिरलेली आम्ही पाहतो. ही हौस त्यांस कोठून लागली, याचा विचार करता चित्रपटाकडे काही अंशी बोट जातेच. पिस्तूल म्हणजे पुरुषार्थ, असा जो भ्रम पडद्यावरून पसरतो, त्यास उतारा उपदेशाचा नव्हे. खऱ्या इतिहासाचा आहे. अठराव्या वर्षाच्या आतबाहेर असलेल्या ज्या मुलाने ब्राउनिंग हाती घेतले, त्याने ते मिरविले नाही. ते त्याला लपवावे लागले, आणि चार महिन्यांत त्याने त्याची किंमत प्राणाने दिली. त्याच्या मार्गाविषयी घराघरांत मतभेद असतील आणि असावेत. परंतु त्या शस्त्राचे ओझे त्याला ठाऊक होते, याविषयी मतभेद होऊ नये. ते ओझे दाखविणारा चित्रपट तरुणांस काही शिकवील.

तेव्हा आमच्या वाचकांस एवढीच विनंती आहे. यापुढे साहसपट पाहून आल्यावर नथ आणि नऊवारी यांबरोबर आणखी तीन प्रश्न घरातील मुलांस विचारावेत. हे पिस्तूल त्या साली होते काय? ते नायकापाशी आले कोठून? आणि त्यात गोळ्या किती? मुले उत्तरे शोधू लागतील, सनावळी चाळतील, आणि शोधता शोधता त्यांना पिस्तुलापेक्षा ते धरणाऱ्या हाताविषयी अधिक कुतूहल वाटू लागेल.